सगळे सोडणार असतील तर मीही सोडते

एक वाक्य मला हल्ली फार खटकतं. "लोकांना आवडतं म्हणून तर वापरतात ना!" रात्री एकपर्यंत चालणाऱ्या रील्सचा विषय काढा, सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या ऑफिसच्या मेसेजचा काढा, नाहीतर कर्ज काढून घेतलेल्या मोठ्या गाडीचा काढा, कोणीतरी हे वाक्य टाकतंच आणि मग पुढे बोलायला काही उरतच नाही. वाक्य गप्पांतलं वाटतं खरं, पण त्याच्यामागे अर्थशास्त्राची चांगली भक्कम बैठक आहे. जेरेमी बेंथम या इंग्लिश तत्त्वज्ञाला सुखाची बेरीज-वजाबाकी करायची होती, पण ते मोजायचं कसं हे काही कोणाला धड जमेना, मग १९३८ मध्ये पॉल सॅम्युएलसन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडलं की माणसाच्या मनात शिरायची गरजच नाही, तो काय निवडतो ते बघा, त्यातून त्याची पसंती कळते. सोय म्हणा की पळवाट म्हणा, पण अर्थशास्त्रात हे चांगलंच रुजलं.

गोची अशी की बऱ्याच गोष्टी माणूस एकटा निवडतच नसतो.

अर्थशास्त्रज्ञ लिओनार्डो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर केलेला एक अभ्यास मांडला, आणि मला तो सारखा आठवत राहतो. मुलांना आधी विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. इथे थांबलं तर सॅम्युएलसन जिंकला, मुलांना ॲप हवंय, विषय संपला. पण मग त्यांना विचारलं की तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच अकाउंट बंद होणार असेल तर? तर आकडा चक्क उलटा फिरला, मुलं आपल्याच खिशातून पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. म्हणजे तीच मुलं, तेच ॲप, पण एकट्याने सोडायचं तर नुकसान आणि सगळ्यांनी मिळून सोडायचं तर फायदा, आणि बाजारात फक्त पहिलाच पर्याय मिळतो, त्यामुळे कंपनीच्या आकड्यांत दिसतं काय, तर रोज इतके कोटी लोक आनंदाने वापरतायत.

फ्रेड हर्श नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच याचं सोपं चित्र मांडलं होतं, गर्दीत सगळेच चवड्यांवर उभे राहिले तर कोणालाच जास्त दिसत नाही. खाली टेकणारा एकटा मात्र हरतो. सोलनिक आणि हेमेनवे या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९९८ मध्ये प्रश्न विचारला होता की तुमचा पगार वर्षाला ५० हजार डॉलर आणि बाकीच्यांचा २५ हजार, की तुमचा एक लाख पण बाकीच्यांचा दोन लाख? तर जवळपास निम्म्या लोकांनी कमी पगार घेतला! स्वतःचे अर्धे पैसे सोडले, का तर इतरांच्या पुढे राहता यावं म्हणून. पण सुट्टीबद्दल असाच प्रश्न विचारला तेव्हा तसं झालं नाही, तिथे बहुतेकांनी सरळ जास्त सुट्टी मागितली, शेजाऱ्याला त्याहून जास्त मिळाली तरी चालेल म्हणाले. मला हा फरक खूप मोठा वाटतो. पगारात तुलना शिरते आणि मोकळ्या वेळात ती कमी शिरते, आणि आपण मात्र काय करतो, तर मोकळा वेळ विकून पगार घेतो. (पैशाने सुख येतच नाही असं मी म्हणत नाहीये हं. २०१० मध्ये काहनेमन आणि डीटन हे दोन संशोधक म्हणाले की वर्षाला ७५ हजार डॉलर कमाईच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही, ते वाक्य जगभर फिरलं, मग किलिंग्सवर्थ या दुसऱ्या संशोधकाने २०२१ मध्ये ते खोडलं, शेवटी २०२३ मध्ये काहनेमन आणि तो एकत्र बसले आणि निघालं असं की बहुतेकांचा आनंद वाढतच जातो, जे सगळ्यात दुःखी आहेत त्यांचा मात्र एका मर्यादेनंतर अडकतो. पण पोस्टवर अजूनही तो जुना आकडाच फिरतो.)

म्हणून मला ते 'समाधान मानायला शिका'वाले सल्ले अर्धवट वाटतात. ध्यान करा, डायरी लिहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. करा की, वाईट काहीच नाही. पण रात्री मॅनेजरचा मेसेज आला आणि टीममधल्या चौघांनी लगेच रिप्लाय दिला तर पाचव्याचं समाधान काय कामाचं? तिथे नियमच लागतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कामाच्या वेळेनंतर उत्तर न देण्याचा हक्कच देऊन टाकला. एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव गरजा कमी करा म्हणून घेतात, पण तो काही एकटा गुहेत जाऊन बसला नव्हता, अथेन्सजवळ बाग घेऊन मित्रमंडळींसोबत राहिला. ज्यांच्याशी आपली तुलना होणार ती माणसंच बदलली की चवड्यांवर उभं राहायचं कारण उरत नाही. हा भाग कोणी सांगत नाही.

उलट बाजूने अमर्त्य सेन यांचा इशाराही डोक्यात ठेवायला हवा, की पिचलेला माणूस थोडक्यात खूश राहायला शिकतो, म्हणून 'ते बघा किती सुखी आहेत' म्हणून त्याचं हक्काचं नाकारायचं नसतं. म्हणजे निवडीवर भरवसा नाही आणि 'मी सुखी आहे' या उत्तरावरही पूर्ण नाही.

मग ॲपवर सरळ बंदीच का नको? शाळेच्या वर्गात फोन नको हे मला पटतं, कामाच्या मेसेजचंही पटतं. पण मोठ्यांचे ॲप सरकारने बंद करावेत म्हटलं की मी अडखळते. सरासरी २८ डॉलर म्हणजे प्रत्येकाचे २८ नव्हेत, त्या कॉलेजात एखादी अशी मुलगी असेलच जिला वर्गात एकही मैत्रीण नाही आणि जी काय माणसं आहेत ती त्या फोनमध्येच आहेत. सगळ्यांनी मिळून सोडायचं ठरवलं तर तिचं काय करायचं, हे त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.