मालकासाठी चिठ्ठी

साताऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझं काम अंधाऱ्या खोलीतलं. नंबर काढायचा, डोळ्याचं प्रेशर बघायचं, थेंब घालून पेशंट सरांकडे पाठवायचा. एकावर जास्त वेळ गेला की रिसेप्शनची मुलगी दार ढकलून नुसती बघते. त्या दिवशी ती बऱ्याचदा बघून गेली.

दादा दूध टँकरचे ड्रायव्हर, कोरेगावकडचे. पंचेचाळिशीच्या आसपासचे, गळ्यात तुळशीची माळ, सोबत बायको. तक्रार अशी, की मुंबईहून रिकामा टँकर घेऊन येताना खंबाटकी घाट चढायला लागलं की पुढचा ट्रक एकाचे दोन होतात, एक खाली, एक वर. वर्षात दोन चष्मे झालेले. दुसरा महागातला प्रोग्रेसिव्ह, लांबचं-जवळचं एकाच काचेत. ड्रायव्हर सांगतोय दोन दिसतात आणि दुकानदार त्याला आणखी भारी काच विकतोय! एक डोळा झाकून ‘आता किती दिसतात?’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दुसरं चित्र जात असेल तर दोन डोळे एका रेषेत नाहीत, तिथे नंबर वाढवून काय होणार? एकाच डोळ्याने दोन दिसत असतील तर नंबर, मोतीबिंदू, कोरडेपणा शोधायचा. या तपासणीला तळहात लागतो फक्त.

खुर्चीत बसले तेच हनुवटी उचलून. मी बोटाने खाली दाबली. “दोन झाल्या ओळी.” सोडली, “आता एक.” डोळा खाली ओढणारा स्नायू सुजून आखडला की नजर वर जात नाही, मग माणूस मान मागे टाकून जमवून घेतो. बायको म्हणाली, “गावात म्हणत्यात, टँकरवर गेल्यापास्नं लई ताठ झालाय.”

चार्टवर उजवा 6/6, म्हणजे पूर्ण, डावा 6/9, म्हणजे किंचित कमी. गर्दीच्या ओपीडीत तपासणी इथेच संपते. मी आधार कार्ड मागितलं. त्यांना वाटलं केसपेपरसाठी. आधारवरचा फोटो कुणाचाच बरा येत नाही, पण पापणी कुठे होती ते दाखवतो. त्यात दादांच्या पापण्या जड, झोपाळू. समोर बसलेल्या माणसाच्या बुबुळाच्या वर पांढरं दिसत होतं. पेन हळूहळू खाली नेलं, बुबुळ खाली गेलं, पापणी मागे रेंगाळली. डोळे किती पुढे आलेत ते बघायला बाजूने मोजपट्टी लावली: उजवा 22 मिलिमीटर, डावा 24. प्रेशर समोर बघताना ठीक, वर बघायला लावल्यावर चढलं, कारण आखडलेला स्नायू डोळ्याच्या गोळ्याला आवळतो.

मग हात पुढे करायला सांगून पसरलेल्या बोटांवर केसपेपर ठेवला. कागद थरथरला. वजन? पट्ट्याला नवी भोकं पाडलेली. भूक? दुप्पट. शौचाला दिवसातून चार वेळा. पौषात पंखा लावून झोपतात, छाती धडधडते, पंगतीतून उठताना हात टेकावा लागतो. आणि माळ गळ्याला दाटायला लागली म्हणून दिवाळीत नव्याने ओवून घेतली होती. माळेखाली गळा फुगलेला होता.

हे सगळं जवळच्यांनी बघितलं नव्हतं असं नाही. लाल डोळे, थरथरणारे हात, घाम, चिडचिड, उतरलेला माणूस. त्याचा अर्थ मालकाने लावला, इतर ड्रायव्हरांनी लावला, एका डॉक्टरांनीही ‘पिणं कमी करा’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. गळ्यात माळ दिसत असताना! (बिड्या मात्र ओढतात. माळकऱ्याला दारू-मटण चालत नाही, बिडीचं कुणी विचारत नाही. या आजारात डोळ्यांचं सर्वात जास्त वाटोळं तीच करते, औषधाचा गुणही कमी करते.)

रंग ओळखायला लावणारं, ठिपक्यांत आकडे लपवलेलं इशिहाराचं पुस्तक मी 6/9 असलं तरी काढते. आमच्याकडे ते बहुतेकदा फक्त सर्टिफिकेटवाल्यांसाठी निघतं, याचा मला राग आहे. उजव्या डोळ्याने दादांनी आकडे धडाधड वाचले. डाव्याने पहिल्या पानानंतर अडखळले. मग बाहुली मोठी करायच्या थेंबांची बाटली धरली, तिचं झाकण लालभडक असतं. उजव्याने लाल. डाव्याने? “विटकरी वाटतंय. जुनं झालंय का झाकण?” मी उठून रांग मोडून त्यांना आत नेलं. थेंब घातले नाहीत, कारण बाहुल्यांची तपासणी आधी सरांनी करायला हवी होती. सरांनी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवला. प्रकाश पडल्यावर डावी बाहुली आकसायच्या ऐवजी पसरली. डोळ्याची नस दबत होती.

रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, जवळजवळ शून्य, आणि थायरॉईडचं स्वतःचं टी-फोर चढलेलं. सीटीमध्ये डोळ्याच्या स्नायूंचा मधला भाग सुजलेला, टोकं बारीक, आणि खोबणीच्या मागच्या निमुळत्या भागात नसेला जागाच नाही. ग्रेव्हज डिसीज. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये लिहून ठेवलेला. शरीर स्वतःच्याच थायरॉईडला चिथावणारी प्रतिपिंडं तयार करतं. ज्या खुणेला ती चिकटतात ती डोळ्यामागच्या पेशींवरही असते. तिथे पाणी धरून ठेवणारा पदार्थ साठतो, स्नायू आणि चरबी फुगते. खोबण हाडाची, मग डोळा पुढे येतो. पुढे पुरेसा आला नाही तर नस दाबली जाते. बायकांना हा आजार जास्त होतो, पुरुषांना झाला तर डोळे जास्त बिघडतात.

भरती करून शिरेतून स्टिरॉइड दिलं, साखरेवर लक्ष ठेवून. फिजिशियननी थायरॉईडची गोळी सुरू केली आणि बजावलं, घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून आधी पांढऱ्या पेशी तपासायच्या. स्टिरॉइडने भागलं नाही तर पुण्याला हाड काढून जागा करायची, हेही ठरलं होतं. तशी वेळ आली नाही. झाकण पुन्हा लाल दिसलं.

भरती व्हायच्या आधी, दादा लघवीला गेले असताना बायकोने विचारलं, “मंजी ते पीत न्हवते न्हवं?” रात्री ते झोपले की ती तोंडाचा वास घ्यायची. वास यायचा तो बिडीचा. तरी विश्वास बसायचा नाही.

मालकाने निरोप धाडला होता, व्यसन नाही असं डॉक्टरांचं लिहून आण. सरांनी एकाच कागदावर लिहिलं: डोळ्यांची लाली आणि हातांचा कंप थायरॉईडच्या आजाराचा आहे, मद्याशी संबंध नाही, दोन दिसत असल्याने वाहन चालवण्यास सध्या अयोग्य. कागद बरोबर आहे. पण दादांनी ज्यासाठी मागितला तेच त्यातल्या दुसऱ्या ओळीने गेलं. मालकाने त्याच दिवशी टँकरवर दुसरा माणूस घेतला आणि दादांना संकलन केंद्रावर कॅन उतरवायला बसवलं. पगार निम्मा.

दोन दिसणं अजून आहे. डाव्या काचेवर मी चिकटपट्टी लावून दिली आहे, तेवढ्यापुरतं एक दिसतं. तिरळेपणाचं ऑपरेशन आजार शांत होऊन सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय करत नाहीत, आणि शांत व्हायलाच वर्ष-दीड वर्ष जातं. दर वेळी ते विचारतात, “मॅडम, टँकर कधी?” बिडी बंद झाली म्हणतात. बोटं अजून पिवळी आहेत.

मी सरांना म्हटलं, दोन वेगळे कागद द्यायला हवे होते. दारूचा डाग पुसणारा एक, तो त्यांनी गावभर दाखवला असता. सर म्हणाले, मालकाने दुसरा मागितलाच असता, आणि खंबाटकीत कुणाला ठोकलं असतं तर? ते खरं आहे. तरी तो पहिला कागद वेगळा हवा होता, असं मला आजही वाटतं. पुढच्या तपासणीला दादा आले की सरांकडून लिहून घेणार आहे.