लाँग आयलंडला बंगले बघायला गेलो आणि राखेपाशीच रेंगाळलो

'द ग्रेट गॅट्सबी' हल्ली लोकांना फक्त पार्टीची थीम म्हणून माहितीय, याचा मला मनापासून वैताग येतो. सोनेरी-काळे फुगे, डोक्याला पिसं, शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा, झालं! ज्या पुस्तकात दर शनिवारी शेकडो लोकांना फुकट खाऊपिऊ घालणाऱ्या गॅट्सबीच्या मयताला मोजकीच टाळकी येतात, आणि त्याच्या घरी महिनोन्‌महिने पडीक असलेला एकजण तेव्हा फोन करतो तो माझे टेनिसचे बूट तिथेच राहिलेत ते पाठवा म्हणून, ती थीम लोक साखरपुड्याला ठेवतात. असतील शितं तर जमतील भुतं, याची याहून मोठी गोष्ट इंग्रजीत कुणी लिहिली असेल असं मला वाटत नाही.

तर मामा-मामी सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवी, नायगारा उरकलं. नायगाराला गर्दी होती, बाकी काही लिहिण्यासारखं नाही. मग म्हटलं आता एक दिवस माझ्या आवडीचा. मामीचे गुडघे धरले होते म्हणून ती घरीच थांबली, मी आणि मामा पेन स्टेशनवरून लाँग आयलंडवरच्या पोर्ट वॉशिंग्टनच्या लोकलमध्ये बसलो.

गाडीत मामांना गोष्ट सांगत होते. 1922 चा उन्हाळा, खाडीच्या दोन बाजूंना दोन गावं. वेस्ट एग म्हणजे ग्रेट नेक, तिथे नवा पैसा, आणि समोर ईस्ट एग म्हणजे सँड्स पॉइंट, तिथे बापजाद्यांचा. पुस्तकाचा लेखक फिट्झजेराल्ड स्वतः 1922 ते 1924 ग्रेट नेकला भाड्याच्या घरात राहिला, वर्षाला 36,000 डॉलर उडवूनही पुरेनात, तर त्याच्यावरच लेख लिहून त्याचेही पैसे घेतले. "हुशार आहे की गडी," मामा म्हणाले.

पोर्ट वॉशिंग्टनला धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. म्हणजे डेझीच्या, गॅट्सबीच्या जुन्या प्रेयसीच्या बाजूला, गॅट्सबीच्या गावाकडे तोंड करून. पुस्तकात तो तिकडून रात्र रात्र इकडचा हिरवा दिवा बघत बसतो. इकडून तिकडे बघितलं तर काय, झाडं, थोडी छपरं, चार बोटी. जुन्या पैशावाल्यांना तो एवढाच दिसत असणार. पुढे गुगेनहाइम या धनाढ्य घराण्याचं हेम्पस्टेड हाउस पाहिलं, मोठ्ठं आहे. डेझीचं घर म्हणून जे दाखवायचे ते लँड्स एंड तर 2011 मध्ये पाडलंच. बाकी किनाऱ्याला जावं तिथे 'खाजगी', 'फक्त रहिवाशांसाठी' अशा पाट्या, एका ठिकाणी तर नुसतं गेटपाशी उभे राहिलो तरी गार्ड बाहेर आला. समुद्र पण सोसायटीचा!

मामांना एकच प्रश्न पडला होता, "एवढ्या घराचा केर कोण काढत असेल गं?" मला हसू आलं, कारण पुस्तकात ते आहे. दर शुक्रवारी पाच खोके संत्री-लिंबं यायची आणि सोमवारी त्यांच्या पिळलेल्या साली मागच्या दाराने बाहेर जायच्या, आणि आठ नोकर दिवसभर फरशा घासत पार्टीचे डाग काढत बसायचे.

परत येताना फ्लशिंगला उतरलो, आणि ज्यासाठी हे लिहायला बसले ते इथे. आज तिथे एवढं मोठं पार्क आहे, मध्ये 1964 च्या वर्ल्ड फेअरचा 140 फुटी स्टीलचा पृथ्वीगोल, पोरं फुटबॉल खेळतायत, ढकलगाडीवर आंब्याच्या फोडी तिखट-मीठ लावून. गॅट्सबीच्या काळी इथे राखेचे डोंगर होते. ब्रुकलिनभर घराघरांत कोळसा जाळायचे, त्याची राख रेल्वेने आणून इथे ओतायचे. त्याआधीच्या, 1939 च्या वर्ल्ड फेअरसाठी शहराचा पार्क कमिशनर रॉबर्ट मोझेसने ते सपाट करून घेतलं. पुस्तकात बंगलेवाल्यांची आगगाडी इथे नदीवरचा पूल उघडला की अडकते आणि त्यांना नाइलाजाने ही राख बघावी लागते. आमची गाडी सकाळी इथून सुसाट गेली होती.

पुस्तकात त्या राखेत विल्सन नावाच्या माणसाचं गॅरेज. त्याची बायको मर्टल, तिला डेझीचा नवरा टॉम, असा श्रीमंत यार मिळतो आणि साडी बदलावी तसा तिचा स्वभाव बदलतो, कपडे बदलले की बोलणं बदलतं. शेवटी डेझी चालवत असलेल्या गाडीखाली तीच मरते, विल्सन गॅट्सबीला गोळी घालून स्वतःला संपवतो, आणि टॉम-डेझी सामान बांधून निघून जातात. (पुस्तक 1925 चं आहे, स्पॉयलर म्हणून ओरडू नका.) पण मला कायम टोचतं ते दुसरंच. मर्टलचं नवऱ्यावरून मन उडतं कशावरून, तर लग्नात त्याने घातलेला सूट उसना होता. त्याने तिला सांगितलं नाही, आणि एक दिवस सूटवाला माणूस तो परत मागायला दारात आला. ती दुपारभर रडली.

मामा आंब्याची फोड खाता खाता थांबले. "माझा कोट तात्यांचा होता," म्हणाले.

मी काही बोलले नाही. मग मामाच सांगायला लागले, दुसऱ्याच दिवशी तात्यांना परत दिला, कारण पुढच्या मुहूर्ताला तात्यांच्याच मेव्हण्याचं लग्न होतं. मामीला कधी सांगायची वेळच आली नाही. बराच वेळ त्या मर्टलबद्दल विचारत राहिले, पोरंबाळं होती का, माहेर कुठलं.

तिथून आम्ही फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात गेलो, खाली कॅन्टीनमध्ये डोशाला ही लाइन, बसायला जागा मिळेना, पण डोसा एक नंबर. मामांनी तिथूनच मामीला फोन लावला, स्पीकरवर. "अगं ऐक, आपल्या लग्नातला कोट होता ना माझा, तो तात्यांचा होता."

"सगळ्या गावाला माहीत होतं," मामी म्हणाली, "बाह्या केवढ्या लांब होत्या! येताना माझ्यासाठी एक डोसा बांधून आणा."