स्मरणीचे २७ मणी

आषाढ वद्य एकादशी

एक संकल्प मनाशी धरून मनगटावरची माळ घरीच ओवायची आहे. तयार मिळणाऱ्या मनगटी माळेत सात-आठ जातींचे दगड असतात. एक पैशासाठी, एक प्रेमासाठी, एक नजर लागू नये म्हणून, एक परीक्षेसाठी. संकल्प म्हणून पाहिलं तर ही निव्वळ खिचडी. पूजेआधी गुरुजी संकल्प सांगतात तो एकदा कान देऊन ऐकावा. शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग ठिकाण: दंडकारण्ये देशे, गोदावर्याः... नाशकात पंचवटीत बसलात तर 'उत्तरे तीरे', सराफ बाजाराच्या अंगाला बसलात तर 'दक्षिणे तीरे'. मग नाव, गोत्र आणि सगळ्यात शेवटी, काय करणार ते. नदीचा काठ कुठला हेसुद्धा सांगून टाकायचं, इतका नेमकेपणा.

तेव्हा दगड निवडण्याआधी कागद-पेन. 'मन शांत राहो' हा संकल्प नव्हे, ती इच्छा. 'कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सकाळी सहाला, फोन हातात घेण्याआधी, वीस मिनिटं बसेन' हा संकल्प. चातुर्मासाचे नेम असेच असायचे: एक गोष्ट, ठरलेली मुदत. एका माळेला एकच वाक्य, आणि वाक्यात जेवढे भाग तेवढेच दगड. या वाक्यात तीन आहेत: सकाळची वेळ, फोन बाजूला ठेवणं, बसणं. म्हणून तीन जाती. चौथी घातली की कुठला मणी कशाचा हे आठवड्यात विसरायला होतं.

दगडातून लहरी निघतात आणि मनगटातून अंगात जातात, याला पुरावा नाही. पण मराठीत मनगटावरच्या छोट्या जपमाळेला 'स्मरणी' म्हणतात. तिचं काम आठवण करून देणं, तेवढं ती चोख करते.

आषाढ वद्य द्वादशी

दगडाचा 'अर्थ' बघून जुळणी करणारे पहिली चूक इथे करतात. आधी काठिण्य बघायचं, मग अर्थ. फ्रीडरिश मोह्स यांची १८१२ सालची मोजपट्टी आजही पुरते: १ ते १०, आकडा मोठा तितका दगड कठीण. स्फटिक, जमुनिया (अ‍ॅमेथिस्ट), सुनेला (सिट्रिन), गुलाबी स्फटिक, अकीक (अ‍ॅगेट) ही सगळी क्वार्ट्‌झची भावंडं, काठिण्य ७ किंवा त्याच्या अगदी जवळ. टायगर आय ६.५ ते ७. चंद्रकांत (मूनस्टोन) ६ ते ६.५. लाजवर्द (लॅपिस लाझुली) आणि फिरोजा (टर्कॉइज) ५ ते ६. फ्लोराइट ४. मॅलाकाइट ३.५ ते ४. पोवळं ३ ते ४. मोती २.५ ते ४.५. सेलेनाइट २, म्हणजे नखानेसुद्धा ओरखडा उठतो.

मनगटावरचे मणी दिवसभर एकमेकांवर घासतात. ७ चा मणी ४ च्या शेजारी आला की कानशीच लावली समजा: मऊ मण्याची झिलई आधी वेजाच्या, म्हणजे भोकाच्या, कडेला जाते, मग तो सगळाच मळकट दिसू लागतो. स्फटिकाशेजारी मोती ओवण्याची आवड बऱ्याच जणांना असते. फोटोत छान दिसतं, मनगटावर मोती मरतो. मोती हवाच असेल तर कानात किंवा गळ्यात, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ. गाठवलेल्या सरात मोती एकमेकांना लागत नाहीत, शिवाय दोरा तुटला तर एखादाच पडतो, सगळा सर घरंगळत नाही.

आणखी एक. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, म्हणजे ७ काठिण्याचे. कोरड्या फडक्याने चंद्रकांत किंवा लाजवर्द पुसला तर आपण त्यावर बारीक रेती फिरवतो. आधी पाणी किंवा ओलं फडकं, मग पुसणं.

वरच्या वाक्यासाठी म्हणून: जमुनिया, स्फटिक, टायगर आय. तिन्ही एका घरचे, एकमेकांना खात नाहीत. जमुनियाचं इंग्रजी नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ 'नशा न चढलेला'. द्राक्षं आणि वाइन यांच्या गावात हा दगड संयमासाठी घालायचा, ही गंमत नाशिककरालाच जास्त कळेल. फोनची नशाही त्यात धरावी.

आषाढ वद्य त्रयोदशी

खरं-खोटं. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर स्फटिकाच्या माळा भरपूर, काचेच्याही भरपूर. हाताला गार लागतो म्हणून खरा, हे अर्धंच बरोबर: स्फटिक काचेपेक्षा उष्णता लवकर ओढून घेतो, पण पावसाळी हवेत काचही गारच लागते. वजनावरून तर सांगताच येत नाही. ८ मिमीचा स्फटिक मणी ०.७१ ग्रॅमच्या आसपास, तेवढाच साध्या काचेचा ०.६७. अख्ख्या मनगटी माळेत ग्रॅमभराचाही फरक पडत नाही.

घरी जमणारी चांगली परीक्षा अशी. लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून फिरवा, एका कोनात पडदा काळा होतो. तिथेच थांबून गॉगल आणि पडदा यांच्यामध्ये मणी धरा आणि हळूहळू फिरवा. पाण्याच्या ग्लासात सोडून पाहिलं तर अधिक स्पष्ट दिसतं. काच काळीच राहते, फार तर पुसट पट्टे दिसतात. स्फटिक उजळतो, मावळतो, पुन्हा उजळतो. मात्र कारखान्यात वाढवलेला स्फटिकही असाच उजळतो. तो ओळखायला प्रयोगशाळा लागते.

बाकीचं थोडक्यात. बाजारातला बहुतेक सुनेला म्हणजे ४०० ते ५०० अंशांना तापवलेला जमुनिया. लबाडी नव्हे, पण भाव त्याप्रमाणे असावा. 'ओपलाइट' ही काच. चमचमणारा तपकिरी 'गोल्डस्टोन' हीसुद्धा काच, आत तांब्याचे कण. स्वस्त फिरोजा बहुधा रंगवलेला हाउलाइट: वेजापाशी आत डोकावलं की पांढरा दिसतो. लोहचुंबकासारखे चिकटणारे काळे 'हेमेटाइट' मणी माणसाने बनवलेले असतात.

आषाढ अमावस्या

दिवे घासून झाले, आता ओवायला बसायचं.

मनगटाचं माप घेताना टेप घट्टही नको, सैलही नको. समजा १६ सेंमी आलं. १६ सेंमीचीच माळ ओवली तर ती बसणार नाही, कारण मण्यांना जाडी असते आणि मनगटाला लागतो तो आतला घेर. ओवलेल्या लांबीतून मण्याचा व्यास गुणिले ३.१४ वजा करा, म्हणजे आतला घेर मिळतो. ६ मिमीसाठी वजाबाकी १.९ सेंमी, ८ मिमीसाठी २.५, १० मिमीसाठी ३.१. याच मनगटाला ८ मिमीचे २३ मणी लागतात, १० मिमीचे १९. ही वजाबाकी न केल्यामुळेच जाड मण्यांच्या माळा हमखास आखूड होतात.

स्मरणीसाठी ६ मिमीचे २७ मणी: चार फेऱ्या झाल्या की १०८. नुसत्या २७ मण्यांची लांबी १६.२ सेंमी, आतला घेर १४.३. कमी पडतो. म्हणून ९ जमुनिया, ९ स्फटिक, ९ टायगर आय असे तीन गट करायचे. मेरूमणी, म्हणजे जिथून फेरी सुरू होते तो मोठा मणी, ८ मिमीचा, त्याच्या दोन्ही बाजूंना चांदीचा ३ मिमीचा एकेक मणी, आणि उरलेल्या दोन सांध्यांवर एकेक. १६.२ अधिक १.२ अधिक ०.८, एकूण १८.२ सेंमी. आतला घेर १६.३. अंगठ्याला चांदीचा बारीक मणी लागला की गट बदलला हे न बघता कळतं, म्हणजे वाक्याचा पुढचा भाग.

गणिती मन असेल तर इथे आनंद होतो. नसेल तर मणी ताटलीत एका ओळीत मांडून फूटपट्टी लावा.

दोरा दोन तऱ्हेचा. नुसती घालायची असेल तर ०.८ मिमीचा लवचिक दोरा, ३० सेंमी कापलेला. ओवण्याआधी तो सात-आठ वेळा हलकेच ताणून घ्यायचा. नाहीतर पहिल्या आठवड्यात तो आपला आपण सैल होतो आणि मण्यांमध्ये दोरा दिसू लागतो. गाठ मारताना पहिला वेढा एकदा न घेता दोनदा घ्यायचा, घट्ट ओढायचा, मग उलट दिशेने दुसरी गाठ. टोकं ३ मिमी सोडून कापायची. गाठीवर दागिन्यांसाठी मिळणाऱ्या लवचिक गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, एक दिवस वाळू द्यायचा, मग गाठ मेरूच्या वेजात ओढून घ्यायची. घरातला चटकन चिकटणारा गोंद इथे नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि दोरा बरोबर त्याच्या कडेलाच तुटतो.

जप करायचा असेल तर लवचिक दोरा वापरू नये. प्रत्येक मणी ओढताना तो ताणतो, आणि एवढा ताण त्याला रोज सोसत नाही. वेणीचा नायलॉन दोरा घ्या, सगळे मणी ओवून २-३ मिमी मोकळीक ठेवा. पण मग माळ पंज्यातून जात नाही, कारण पंजा मनगटापेक्षा चांगला रुंद असतो. त्यासाठी दोन्ही टोकांना सरकगाठ. मंगळसूत्रं गाठवून देणारे कारागीर ही गाठ पाहता पाहता मारतात. त्यांच्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

दोरा का तुटतो, तर बहुतेक वेळा वेजाच्या धारेमुळे. स्वस्त मण्यांची वेजं धारदार राहिलेली असतात, धातूच्या मण्यांची तर हमखास. मणी ओवण्याआधी प्रत्येक वेजातून हिऱ्याच्या पुडीची बारीक गोल कानस ओली करून दोनदा फिरवायची. कोरडी फिरवली तर कडेचे टवके उडतात.

श्रावण शुद्ध द्वितीया

इथलेच दगड का वापरत नाही, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. नाशिक ज्या काळ्या पाषाणावर बसलं आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे खनिजं वाढली. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींमधले झिओलाइट आणि अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात ते जवळून बघायला मिळतात, आणि पीच रंगाच्या स्टिल्बाइट या झिओलाइटसमोर माणूस थोडा वेळ गप्प होतोच.

पण हातात घालायला ते नकोत. स्टिल्बाइट ३.५ ते ४, अपोफिलाइट ४.५ ते ५, आणि अपोफिलाइट एका पातळीत सहज चिरतो. तारेत गुंडाळून लटकन केलं तर तारेच्या दाबानेच त्याचा पापुद्रा सुटतो. शिवाय यांच्या रचनेत पाणी असतं. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा दगड तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फुगला, म्हणून 'उकळणारा दगड' या अर्थाचं झिओलाइट हे नाव. तेव्हा समईशेजारीही नको, आणि सोनाराच्या डाखाजवळ तर नकोच. देव्हाऱ्यापासून दूर, बसण्याच्या जागी, कापसावर ठेवावा. जागेसाठी तो, मनगटासाठी स्मरणी: ही जोडी मात्र मनापासून पटते.

श्रावण शुद्ध चतुर्थी

अंगठीचा विषय वेगळा. नवरत्नांची जुळणी ज्योतिषाच्या नियमाने होते: मधोमध माणिक, एरवी माणिक आणि नीलम एकत्र घालायचे नाहीत, मोत्यासोबत गोमेद किंवा लसण्या नको. ते ज्याचं त्याने ठरवावं. एवढं मात्र बघावं की रत्ती कुठली. रत्नांच्या व्यवहारात रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची धरतात, तर सोन्याच्या तोळ्यातली जुनी रत्ती १२१.५ मिलिग्रॅमची. सव्वापाच रत्तीचं रत्न म्हणजे पहिल्या हिशोबाने सुमारे ४.८ कॅरट. पावतीवर कॅरटच लिहून घ्यावं.

रोज घालायची अंगठी असेल तर दगड धरणाऱ्या धातूच्या पंज्यांपेक्षा कोंदण बरं. मऊ दगडाची कड झाकली जाते. आणि अंगठीचं माप वाढवायला दिली तर दगड आधी काढायला सांगा. आच लागली की मोती करपतो, फिरोजा तडकतो, जमुनियाचा रंग उतरतो.

पहिला श्रावणी सोमवार

स्मरणी आज घालायची, म्हणून पूजेचं बोलू. पंचामृतात बुडवू नका. दह्याची आंबटाई मोती, पोवळं आणि मॅलाकाइट यांना खाते, हळद सच्छिद्र दगडात मुरते ती निघत नाही. क्वार्ट्‌झला धोका नसला तरी मध आणि साखर वेजात राहून दोऱ्याला मुंग्या लागतात, हे शास्त्र नव्हे, स्वयंपाकघर आहे. अक्षता वाहा, पळीभर पाणी सोडा, वाक्य मोठ्याने म्हणा.

'शुद्धी'साठी मिठाच्या पाण्यात ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. मोती-पोवळं खराब होतं, चांदी काळवंडते, आणि मिठाचे कण वेजात वाळून दोरा कापतात. सेलेनाइट तर साध्या पाण्यातही थोडाथोडा विरघळतो. उन्हात ठेवलात तर जमुनिया आणि गुलाबी स्फटिक फिके पडतात. स्फटिकाचा गोळा खिडकीत ठेवला तर तो भिंगाचं काम करतो, पडद्याला भोक पडू शकतं, आगही लागू शकते. चांदण्यात ठेवा, काही बिघडत नाही. दगड टाकलेलं पाणी पिऊ नये, मॅलाकाइटचं तर अजिबातच नाही. त्यात तांबं असतं.

धुवायची तर रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच फडक्यावर पसरून वाळवणं. मोत्याला तेही नको, ओलं फडकं पुरे.

माळ कधीतरी तुटणारच. तुटली की अपशकुन म्हणून मणी नदीत सोडायची पद्धत पडू लागली आहे. गोदावरीला त्यांचा काही उपयोग नाही. खाली चादर पसरा, मणी गोळा करा, मोजा: २७, मेरू, चार चांदीचे. दोऱ्याचं तुटलेलं टोक भिंगाखाली बघा. तिरकं, सफाईने कापलेलं दिसलं तर एखाद्या वेजाची धार राहिली आहे, तो मणी शोधा. लोंबतं, पिंजलेलं दिसलं तर दोरा जुना झाला होता. गाठच सुटली असेल तर गोंद कमी पडला. नवा दोरा ३० सेंमी.