साडीवर बूट

नोव्हेंबरात कान्हेरीला माझ्या उजव्या बुटाचा सोल निघाला. तीन नंबरचं चैत्यगृह बघून झालं होतं, ओसरीतल्या त्या साधारण सात मीटर उंच बुद्धमूर्तींकडे मान वर करून बराच वेळ बघितलं होतं, आणि आम्ही चौघी मैत्रिणी वरच्या लेण्यांकडे निघालो होतो. एका पायरीवर पाय टेकला आणि खाली काहीतरी भुसभुशीत लागलं, खारी बिस्किटावर पाय पडावा तसं. पाय उचलून बघते तर टाचेकडून अर्धा सोल लोंबतोय आणि आतल्या फोमचा पिवळट चुरा पायरीभर सांडलाय.

बूट झिजलेला नव्हता. चार वर्षांपूर्वी चांगले पैसे मोजून घेतलेला, जेमतेम सहा वेळा घातलेला. बाकीचा सगळा काळ खोक्यात, कपाटावर. मैत्रिणीनं पिशवीची नाडी ओढून काढून दिली, ती बुटाभोवती आवळून बांधली आणि मी एकेक पायरी बसून बसून उतरले. वर बघायची राहिलेली लेणी अजून राहिलेलीच आहेत.

दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर बसणाऱ्या चांभारकाकांकडे बूट नेला. त्यांनी अंगठ्यानं फोम दाबला, तो बोटाखाली विरघळल्यासारखा गेला. "ताई, पीयूचा सोल आहे. ठेवून दिला की असाच जातो." मग मी वाचून काढलं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन हवेतली ओल धरतं आणि हळूहळू आतून तुटत जातं. दमट आणि गरम हवेत जास्त लवकर. आपल्या मुंबईत याहून वेगळी हवा असते कधी? जपून ठेवलेला बूट वरून नवाकोरा दिसतो, म्हणून तर फसायला होतं. तेव्हापासून सहलीच्या दोन दिवस आधी मी बूट काढून टाचेजवळ जोरात दाबून बघते, हातानं वाकवून बघते आणि बिल्डिंगचे तीन मजले चढून-उतरून येते. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला खरेदीचा महिना पेननं लिहून ठेवते.

कान्हेरीचा दगड समजून घेतला की बूट कसा हवा ते आपोआप कळतं. एकाच काळ्या बसाल्टच्या डोंगरात शंभराहून जास्त लेणी, आणि एका लेण्यातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या पायऱ्याही त्याच कातळात कोरलेल्या. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी जिथं दानं दिली, भिक्षू जिथं शतकानुशतकं राहिले, तिथल्या या वाटा. कित्येक पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात. पाऊल सपाट बसतच नाही, कडेला कलतं. लेण्यांशेजारी पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळातली टाकी आहेत, त्यांच्याकडे पाणी नेणारे कातळातले पाट आहेत, आणि एखाद्या पाटात टाच अडकली की घोटा मुरगळलाच. पावसाळ्यात सगळ्यावर शेवाळ. दिवाळीनंतर ते वाळतं आणि त्याचा चुरा बारीक खडीबरोबर पायऱ्यांवर पसरून राहतो. तो शेवाळाइतकाच घसरवतो, फक्त दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी कातळ तापतो, तेव्हा पातळ तळाच्या चपलेतून चटका थेट पायापर्यंत येतो.

म्हणून इथं तळ रबराचा हवा, खाली नक्षी खोल हवी, आणि बूट चवड्याजवळ वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर तो नको. अनवाणी सराईत चालणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांचे पाय त्या दगडाला सरावलेले असतात. आपले पाय लाद्यांवर वाढलेले, त्यांना आधार लागतो.

आणि खरी परीक्षा उतरताना होते. चढताना कुठलाही बूट चालून जातो. उतरताना सगळं वजन पुढे येतं, पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पायरीला अंगठा समोर आपटतो. घरी येऊन बघावं तर नख काळंनिळं. म्हणून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी राहील एवढी जागा हवी. लेसच्या बऱ्याच बुटांना अगदी वर, घोट्याजवळ, रांगेपासून जरा मागे सरकलेलं एक जादा भोक असतं. मी कितीतरी वर्षं ते रिकामंच सोडत होते. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटासा फास सोडायचा, तसाच दुसरीकडे, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून काढून ओढायचं आणि गाठ मारायची. टाच मागे घट्ट बसते, पाय पुढे घसरत नाही. एकदा करून बघा, पुन्हा त्याशिवाय लेस बांधणार नाही तुम्ही.

वसईच्या किल्ल्याला जाणार असाल तर आणखी एक. तिथं गवतात काटे असतात आणि बाभळीचा काटा फोमच्या हलक्या चपलेतून आरपार येतो. माझ्या भाच्याच्या पायात असाच गेला, चिमाजीअप्पांचं स्मारक बघायचं सोडून आम्ही काटा काढत बसलो.

हे सगळं मनात घोळत होतं तेव्हाच आई म्हणाली, "मला एकदा घारापुरी परत बघायचीय." आई शहात्तर वर्षांची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाबांबरोबर ती तिथं गेली होती. आता तिच्या दोन्ही अंगठ्यांजवळचं हाड बाहेर आलंय, उजव्या तळव्याला भोवरी आहे. मी बुटांचा विषय काढला तर तिनं तोडूनच टाकला. "साडीवर बूट? मी नाही हं घालणार."

मी वाद घातला नाही. संध्याकाळी, दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, तिला वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पाय काढून घेतले. बसून काढायचं नाही, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या बोटानं लांब निघाला. इतकी वर्षं ती उजव्या पायाच्या मापाच्या चपला घेत होती आणि डावी चप्पल लागते म्हणून चपलेला दोष देत होती.

कागद कापून पर्समध्ये ठेवले आणि आम्ही दादरला गेलो, तेही संध्याकाळीच. दुकानातल्या मुलानं वय बघून आधी डॉक्टर चप्पल पुढे केली. मऊ लागते, आईला लगेच आवडली. घरात लादीवर मीही तीच वापरते. पण मागून उघडी, आणि इतकी मऊ की ओबडधोबड पायरीवर पाय त्यात डुगडुगतो. आईला मी दुकानाच्या दोन पायऱ्या उतरायला लावलं, तेव्हा तिचं तिलाच कळलं. मग मागे पट्टा, पुढे बोटं झाकलेली, वरून दोन वेल्क्रो असलेली एक काळी जोडी निघाली. हाड आहे तिथं शिवण नव्हती, नुसती जाळी होती. कागदाचा डावा पाय आत नीट बसला, कड दुमडली नाही. "हे बूट नाहीत ना, सँडलच म्हणायची," असं आईनं स्वतःच ठरवून टाकलं. पंधरा दिवस घरात, मग जिन्यात, मग देवळापर्यंत घालायला लावली. नवी जोडी पहिल्यांदा सहलीलाच काढणं म्हणजे फोड मागून घेणं.

मोजे मात्र सुती नेले नाहीत. सुती मोजा घाम धरून ओलाच राहतो, आणि ओली कातडी पटकन सोलते. पातळ नायलॉन मिसळलेले घेतले, एक जोडी जास्तीची.

जानेवारीत मंगळवारी गेलो, सोमवारी घारापुरी बंद असते. गेटवेहून लाँचला तासभर. धक्क्यावरून छोटी गाडी, पुढे साधारण १२० पायऱ्या. डोलीवाले विचारायला आले, आई नको म्हणाली. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, प्रत्येक चौथ्या-पाचव्या दुकानाशी ती माळा बघायला थांबायची, तेवढीच विश्रांती. मी काठापदराची साडी तिला दोन बोटं वर नेसवली होती, काठ पायात येऊ नये म्हणून.

उन्हातून लेण्यात शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही. तिथंच माणसं ठेचकाळतात, जमीन सारखी नाही. मी आईचा दंड धरला. महेशमूर्तीसमोर गेल्यावर तिनं तो सोडवून घेतला आणि एकटी उभी राहिली, हात जोडून. मी लांबून तिच्या पायांकडेच बघत होते. दोन्ही टाचा सपाट टेकलेल्या.

परत येताना गेटवेला आमची लाँच दुसऱ्या लाँचला लागली, एकीतून दुसरीत पाय टाकायचा आणि मग ओल्या पायऱ्या चढायच्या. सँडल घसरली नाही. घरी येऊन मी तिचे मोजे काढले. हाडाभोवती लाली नाही, फोड नाही, भोवरी दुखत नाही म्हणाली.

रविवारी ती तीच सँडल घालून भाजीला गेली. साडी दोन बोटं वर नेसली होती.