सहा ग्लास, पाच बाटल्या

रविवार, परभणी

कालच्या व्हिस्कीच्या बैठकीत सगळ्यांत चांगलं नाक मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, शेठजींचं निघालं. हे आज सकाळीच लिहून ठेवतोय, कारण दोन दिवस गेले की बारकावे विसरतात आणि मग नुसते बाटल्यांचे नंबर लक्षात राहतात.

बैठक दादांच्या शेतावर होती. मुक्काम तिथेच, कारण पिऊन गाडीला हात लावायचा नाही हा आमचा पहिला नियम आहे. दारूचे परवाने सगळ्यांचे आहेत. बाटल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विमानतळावरून आणलेल्या, वर्षभर जपून ठेवलेल्या. एरवी आमच्याकडे बाटली आधी हातोहात फिरते. वय किती, कास्क (पिंप) कुठलं, कितीला पडली यावर अर्धा तास जातो. ओतायची वेळ येते तोवर सगळ्यांचं मत तयार असतं. त्यामुळे या वेळी सगळं झाकून प्यायचं ठरलं.

झाकायचं काम वहिनींनी केलं. त्यांची नोकरी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे नमुना, क्रमांक, नोंद या गोष्टी त्यांच्या हातात बसलेल्या आहेत. त्या स्वतः घेत नाहीत. त्यांनी दादांनाही खोलीबाहेर काढलं. ओतणाऱ्याला माहीत आणि घरमालकाला माहीत असं असेल तर घरमालकाच्या चेहऱ्याकडे बघून सगळे मार्क देतात, असं त्या म्हणाल्या. मला ते शंभर टक्के पटलं. ग्लास ट्यूलिपच्या आकाराचे होते, खाली फुगीर आणि वर निमुळते. २००१ मध्ये ग्लेनकेर्न नावाने बाजारात आलेला हा ग्लास आता सगळीकडे चालतो, कारण वास वर गोळा होतो. प्रत्येक ग्लासला बाहेरून वायरमनची काळी टेप गुंडाळलेली, तोंडावर छोटी बशी, आत पंधरा मिलि.

काळी टेप का, यावर डॉक्टर थोडे कुरकुरले. रंग बघण्यातच निम्मी मजा आहे, हे त्यांचं म्हणणं. पण रंग फसवतो. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमेल घालायला कायद्यानेच परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हे गणित जुळतंच असं नाही. आणि डोळा नाकाला किती ओढून नेतो, याचा फ्रान्समधल्या बोर्दोतला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला आहे. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग टाकून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेली नाकं होती ती. मी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी टेप मान्य केली.

बाकीचे नियम असे: अत्तर नाही, तंबाखू नाही, लसणाची चटणी शेवटपर्यंत आत ठेवायची. मधे खायला ज्वारीची भाकरी, तीही बिनमिठाची, आणि पाणी. पाणी फिल्टरचं, कारण शेतावरच्या बोअरचं पाणी जड आहे आणि त्याची चव थेंबाथेंबात कळते. हुरड्याची तयारी होती, गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, पण ग्लास संपल्याशिवाय आगटी पेटवायची नाही असं ठरलं. गोवरीचा धूर एकदा नाकात बसला की काही व्हिस्कींत असणारा पीटचा, म्हणजे दलदलीतल्या इंधनाचा, धूर ओळखायचा कसा? सालगड्याला हे सगळं विचित्र वाटलं असणार, पण तो काही बोलला नाही.

थंडीचा एक त्रास झाला. परभणीची जानेवारीतली रात्र म्हणजे ग्लास हातात धरवत नाही. गार ग्लासातून वास उठतच नाही, मग प्रत्येक जण दोन्ही तळव्यांत ग्लास धरून बसला. तरी मे महिन्यापेक्षा हे बरं. उन्हाळ्यात इथे ग्लास नाकाशी नेला की नुसतं अल्कोहोल डोळ्यांत जातं.

पहिला ग्लास हलका, गवताळ, लवकर संपणारा. लोलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या दक्षिणेकडचा, असावा असं बऱ्याच जणांनी लिहिलं आणि ते बरोबर होतं, ऑकन्टॉशन. ग्लासगोजवळची ही डिस्टिलरी दोनाऐवजी तीनदा ऊर्ध्वपातन करते, त्यामुळे माल स्वच्छ येतो. दुसरा मऊ, संत्र्याच्या सालीचा, थोडा मधाळ. तिसरा शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातला हे वास घेताक्षणी कळत होतं: मनुका, अंजीर, काकवी. चौथ्यात सगळंच थोडं थोडं होतं, मागे बारीक धूर. त्यावर डॉक्टर आणि दादा दोघेही खूश, आणि तो ब्लॅक लेबल हा ब्लेंड निघाला. मला याचा मनापासून आनंद झाला. अनेक डिस्टिलरींच्या माल्ट (मोड आणलेल्या सातूच्या) आणि ग्रेन (इतर धान्यांच्या) व्हिस्की एकत्र आणून दरवर्षी तीच चव राखणं हे मोठं कसब आहे, आणि आमच्याकडे ब्लेंड म्हटलं की लोक उगाच नाक मुरडतात.

पाचव्यावरची बशी उचलली आणि खोलीचा वासच बदलला. लागावुलिन, सोळा वर्षांची, आयलाची. आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट. तिथे दलदलीत हजारो वर्षं साठलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर म्हणजे पीट. मोड आणलेलं सातू वाळवताना पीट जाळतात आणि त्याच्या धुरातली फिनॉल्स दाण्याला चिकटतात. लागावुलिनच्या माल्टमध्ये ती साधारण ३५ पीपीएम (दहा लाख भागांत ३५) असतात असं सांगतात. लोक हा आकडा बाटलीवरच्या अल्कोहोलच्या टक्क्यांसारखा वापरतात, पण तो दाण्यातला आकडा आहे. भट्टीत आणि पिंपात त्यातलं बरंच कमी होतं. दवाखान्याचा वास, कुणी म्हणालं. टिंक्चर आयोडीन, डॉक्टर म्हणाले. शेठजींनी बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "गोदामात ओलं पोतं धुमसतं ना, तसं. जाळ नसतोय, नुसता धूर." इतकं नेमकं वर्णन मी या व्हिस्कीचं कधी ऐकलं नव्हतं.

मी ड्रॉपरने त्यात चार थेंब पाणी टाकलं. धूर कमी होईल असं वाटतं, तो उलट मोकळा होतो. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंची मांडणी करून याचं कारण दाखवलं. धुराचा वास देणारं ग्वायाकॉल हे अल्कोहोलच्या सोबत राहतं. पाणी घालून अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली आलं की हे रेणू पृष्ठभागावर येतात, म्हणजे थेट नाकाच्या तोंडाशी. पाणी घातलं की दारू बिघडते असं ठासून सांगणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

सहावा ग्लास. सगळे पटकन लिहायला लागले, कारण आगटीची घाई झाली होती. कुणी लिहिलं फिकट, कुणी लिहिलं गोड पण पोकळ, कुणी स्पेसाइड, हा स्कॉटलंडचाच आणखी एक भाग. एकाने स्वस्त ब्लेंड लिहिलं. शेठजी मात्र काही लिहीत नव्हते. त्यांनी ग्लास खाली ठेवला, भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला, पाणी प्याले. मग स्वेटरची बाही नाकाशी धरून दोन-तीन सावकाश श्वास घेतले. पुन्हा ग्लास. पुन्हा बाही. मोंढ्यात त्यांना मी असंच पाहिलंय. मूठभर तूर घ्यायची, फुंकर मारून धूळ उडवायची, नाकाशी न्यायची आणि शेवटी एक दाणा दाताखाली फोडून आवाज ऐकायचा. हल्ली ओल मोजायचं यंत्र आलंय, त्याचा आकडा ते बघतात, पण बोली त्याआधी मनात ठरलेली असते.

"मघाचाच माल हाय हा," ते म्हणाले. "दुसऱ्या ग्लासातला."

सगळे वहिनींकडे बघायला लागले. वहिनींनी मिसळणाच्या डब्यातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. दोन आणि सहा: ग्लेनमोरंजी, दहा वर्षांची जुनी बाटली. पाचच बाटल्या होत्या, सहा ग्लास. बियाण्याच्या नमुन्यातही त्या असाच एक नमुना गुपचूप दुबार घालायच्या, तपासणाऱ्याचा हात कळावा म्हणून.

कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर फार शिकायला मिळालं. त्याच व्हिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर असताना लोकांनी संत्रं, मध, व्हॅनिला लिहिलं होतं. लागावुलिननंतर तीच पोकळ झाली. ग्लेनमोरंजीच्या भट्ट्या स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, जड वाफ वरपर्यंत पोचतच नाही, म्हणून तिचा माल नाजूक. तो नाजूकपणा धुरापुढे टिकत नाही. चूक व्हिस्कीची अजिबात नाही, रांगेची आहे. आपण आजवर किती बाटल्यांवर अशी मतं ठेवली असतील, आधी काय प्यायलो होतो याचा हिशेब न करता!

शेठजींना विचारलं, कसं ओळखलं. ते म्हणाले, धूर उतरेपर्यंत थांबलो, बस. त्यांच्या घरी एकही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की) नाही. कास्क, फिनिश हे शब्द ते वापरत नाहीत, आणि आम्ही बोलत असताना कोपऱ्यात बसून ऐकतात. पण चाळीस वर्षं रोज सकाळी ज्याने नाकावर पैसे लावले, त्याला थांबायचं कसं हे माहीत आहे. आम्हाला बाटल्या माहीत आहेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला आता ठामपणे वाटतं, आणि पहिली जास्त मोलाची. बाटली समोर असती तर शेठजी बोललेच नसते. लेबल वाचणारा आधी बोलतो आणि मग बाकीचे मान डोलावतात, हे मी इतकी वर्षं बघतोय.

दादांनाही ते लागलं असावं. आगटीपाशी बसल्यावर ते आपल्या जागेवरून उठले आणि शेठजींना तिथे बसवून म्हणाले, "शेठ, पुढच्या खेपेला आधी तुम्ही बोलायचं." वहिनींनी लगेच नाही म्हटलं. कुणीच आधी बोलायचं नाही, सगळ्यांचे कागद माझ्याकडे आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा हुकूम आहे.

मार्चच्या आत पुन्हा बसायचं, ऊन चढायच्या आधी. वहिनी त्रिकोणी चाचणी घेणार आहेत: तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा कुठला एवढंच सांगायचं. मार्कांचा रकाना काढून टाकायचा. प्रत्येकाच्या ग्लासांचा क्रम निराळा लावायचा, म्हणजे एकाला धूर आधी तर दुसऱ्याला शेवटी. आणि दोन ग्लासांच्या मधे दहा मिनिटं थांबायचं. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं फार होतात. शेठजी म्हणाले, पंधरा ठेवा.