कर्व्हबॉल शिकवण्याआधी

पुण्यात माझ्याकडे बेसबॉलमधले पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणे, शिकायला येणारी बहुतेक मुले आधी क्रिकेट खेळलेली असतात. चेंडू वळवण्याची हौस त्यांना तिथूनच लागते आणि बारा वर्षांचा मुलगाही 'सर, कर्व्हबॉल (हवेत वळत खाली येणारा चेंडू) कधी शिकवणार?' असे लगेच विचारू लागतो. फास्टबॉल, म्हणजे सरळ वेगवान चेंडू, हवा तिथे पडू लागला आणि हाताची गती न बदलता चेंजअप, म्हणजे हळू येणारा फसवा चेंडू, जमला की मग, हे माझे उत्तर ठरलेले आहे.

याचे कारण कोपर. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचे हाड पूर्ण जुळलेले नसते. तिथे वाढीची कूर्चा असते आणि प्रत्येक फेकीत तिच्यावर ओढ बसते. मोठ्या पिचरचा अस्थिबंध फाटतो, तर लहान मुलाची ही कूर्चाच आधी दुखावते. सगळा दोष कर्व्हबॉलला देण्याची जुनी पद्धत आहे. पण मुलांवर झालेल्या प्रयोगशाळेतील मोजमापांत फास्टबॉलचा ताण त्याहून कमी आढळला नाही. माझ्या मते खरा धोका थकलेल्या हाताने टाकत राहण्यात आहे.

मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांच्या 'पिच स्मार्ट' नियमावलीत ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ८५ आणि १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी ९५ पिच (फेकी) ही कमाल मर्यादा आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक पिच टाकले, तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे हिशेब चुकतो तो सकाळच्या क्रिकेटमुळे. नेट्समधली गोलंदाजी आणि सीमारेषेवरचे थ्रो कोणी मोजत नाही, आणि संध्याकाळी तोच हात माऊंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, येतो. म्हणून पालकांनी सकाळचा सराव मला सांगावा, असा माझा आग्रह असतो.

कर्व्हबॉलचा पहिला धडा मी माऊंडवर देत नाही. जुन्या बेसबॉलभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळून दोघांना सहा-सात मीटरवर समोरासमोर उभे करतो. मधले बोट शिवणीलगत ठेवायचे आणि खिळा ठोकताना मनगटाचा जो कोन असतो, तो चेंडू सुटेपर्यंत तसाच राखायचा. चेंडू बोटांवरून पुढच्या दिशेने फिरत सुटला, तर पट्टी सरळ रेघेसारखी दिसते. ती डगमगली, तर मुलाने शेवटच्या क्षणी मनगट पिरगळले, हे त्याला स्वतःलाच कळते. वळण किती मिळाले, याकडे मी या टप्प्यावर पाहतही नाही.

पिचिंग करून आलेल्या मुलाला त्याच सामन्यात कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलून परत फेकणारा) करत नाही, कारण तिथेही हाताला उसंत मिळत नाही. कोपर दुखते म्हणणाऱ्याच्या हाती त्या दिवशी पुन्हा चेंडू देत नाही आणि दुखणे राहिले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगतो. बाम चोळून मुलाला सामन्यात उतरवणे मला मान्य नाही, मग तो सामना अंतिम फेरीचा का असेना.