संक्रांतीनंतरचा शनिवार आणि दोघांची कान्हेरी

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांना जायचं असेल तर आधी एवढं लक्षात ठेवा की सोमवारी जाऊ नका, सोमवारी नॅशनल पार्क पण बंद आणि लेणी पण बंद. रविवारी जाता येतं पण गर्दी फार, वर वेस्टर्नला जम्बो ब्लॉक असला तर गाड्या उशिरा, त्यामुळे ज्यांना शनिवारी सुट्टी आहे त्यांनी शनिवारच धरावा. आम्ही दोघं संक्रांत झाल्यानंतरच्या शनिवारी गेलो. जानेवारी यासाठी बेस्ट आहे कारण ऊन चढायला वेळ लागतो, दगड तापत नाही आणि पावसाळ्यासारखं शेवाळ पण नसतं पायाखाली. पावसात धबधबे छान दिसतात हे मान्य, पण पन्नाशीच्या पुढचे गुडघे असतील तर थंडीतच जा असं मी सांगेन.

दादरहून आठच्या आत गाडी पकडली. सकाळी बोरिवलीकडे जाणारी गाडी रिकामी असते, सगळी गर्दी उलट्या बाजूला चर्चगेटला चाललेली असते, तेव्हा बसायला मिळतं आरामात. फक्त विरार गाडीत चढू नका, बोरिवलीच बघा. पूर्वेला उतरायचं, तिथून पार्कचं गेट चालत पंधरावीस मिनिटं आहे, रिक्षा पण मिळते. गेटवर पार्कचं तिकीट काढायचं आणि लेण्यांचं तिकीट वेगळं, ते वर लेण्यांच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर, माणशी २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. वर मोबाईलला रेंज धड मिळत नाही म्हणून थोडे सुट्टे पैसे जवळ असू द्या, ते पुढे बोरंवाल्या बायकांसाठी पण लागतात.

गेटपासून लेणी साधारण सहा-सात किलोमीटर आत आहेत. चालत जाणारे जातात, सायकल पण भाड्याने मिळते, आम्ही आतली बस घेतली. बस भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा घाई करू नका. आमच्या बसमध्ये एक आजी होत्या, नातवाबरोबर आलेल्या, त्यांना खिडकी हवी होती पण सगळ्या खिडक्या गेलेल्या. ह्यांनी उठून आपली दिली. आजींनी अख्खा रस्ता माकडं आणि हरणं मोजली मोठ्याने, आणि मागची कॉलेजची मुलं पण त्यांच्याबरोबर मोजायला लागली. मी डबा उघडून सगळ्यांना तिळगूळ दिला, कंडक्टरला पण दिला. रथसप्तमीपर्यंत द्यायचाच असतो ना, आणि घरी वड्या उरलेल्या, तर म्हटलं चला घेऊन, जो भेटेल त्याला द्यायचा. या दिवसांत जाणार असाल तर तुम्ही पण न्या. अनोळखी माणसाशी बोलायला याच्यापेक्षा सोपी गोष्ट नाही. पण बस थांबली की डबा लगेच पिशवीत आणि पिशवीची चेन बंद, कारण लेण्यांच्या पायथ्याशी माकडं वाटच बघत असतात. प्लास्टिकची पिशवी हातात धरली की ती गेलीच समजा. पाठीवरची सॅक घ्या, हात मोकळे राहतात आणि पायऱ्यांवर ते फार बरं पडतं.

आता लेण्यांबद्दल. शंभराहून जास्त आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि हजार वर्षं इथे बौद्ध भिक्षू राहत होते, पावसाळ्यात तर नक्कीच, बाकी वर्षभर पण. एवढी माणसं डोंगरात राहायची म्हणजे मुख्य प्रश्न पाण्याचा, आणि मला कान्हेरीत सगळ्यात जास्त काय आवडतं तर तो प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक टाकं कोरलेलं आहे, आणि वरच्या कातळावर बारीक पन्हळी खोदल्यात, बोटभर रुंद, कुठे तळहाताएवढ्या, त्या पावसाचं पाणी गोळा करून बरोब्बर टाक्यात आणून सोडतात. जानेवारीत पण पुष्कळ टाक्यांत पाणी असतं. वाकून बघा पण पिऊ नका, आणि मुलं असतील तर हात धरूनच ठेवा, काठाला कठडा नाही.

आणि ही टाकी कोणी दिली हे तिथेच दगडात लिहिलेलं आहे, ब्राह्मी लिपीत. राजेराण्या आहेतच, पण जास्त करून साधी माणसं आहेत. कल्याणचा एक सोनार आहे, त्याने पाण्याचं टाकं दिलं. सोपाऱ्याचे म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, घरच्या बायका आहेत. कुणी राहायला खोली दिली, कुणी टाकं दिलं, कुणी बसायला दगडी ओटा दिला. नवव्या शतकात राष्ट्रकूटांचं राज्य होतं, त्यांच्या अमोघवर्ष राजाच्या काळातले लेख पण इथे आहेत, त्यांत भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, डागडुजीसाठी, अगदी पुस्तकं घ्यायला सुद्धा पैसे ठेवल्याची नोंद आहे. मी ह्यांना म्हटलं, अहो, सोनाराने देवाला मुकुट दिला असता तरी चाललं असतं, त्याने पाणी दिलं. हे म्हणाले, "तहान लागलेल्याला मुकुट काय कामाचा." तो सोनार कल्याणहून इथे आला असेल तेव्हा मधे सगळं जंगल आणि खाडी, आणि ज्यांच्यासाठी टाकं खोदलं त्यातली बहुतेक माणसं त्याने कधी बघितली पण नसतील.

तीन नंबरचं लेणं अजिबात चुकवू नका, ते बसमधून उतरल्यावर सुरुवातीलाच आहे. हे मोठं चैत्यगृह आहे, म्हणजे आत स्तूप असलेला प्रार्थनेचा हॉल, सातवाहनांच्या काळातलं, राजा यज्ञश्री सातकर्णीच्या वेळचा लेख आहे तिथे. व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत, वीस फुटांहून उंच, मान वर करून बघायला लागतं. पण सगळे फोटो त्यांचेच काढतात आणि आत पळतात. तुम्ही दाराच्या दोन्ही बाजूंची जोडपी नीट बघा. ही दान देणारी नवराबायको असं अभ्यासक मानतात. बायांच्या पायात जाडजूड वाळे आहेत, कानात मोठाले दागिने, पुरुषांच्या डोक्याला भारी पागोटी, आणि उभी कशी आहेत तर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, घरच्यासारखी. देवाच्या दारात देव सोडून नवराबायको कोरलीत याचं मला फार अप्रूप वाटतं. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो. गाईड नव्हता, पण एक मास्तर शाळेची मुलं घेऊन आलेले, त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं, "या, तुम्ही पण ऐका," आणि आतले खांब, स्तूप, लाकडी चैत्यासारखी कोरलेली दगडी कमान सगळं मुलांबरोबर आम्हाला पण सांगितलं. सगळ्या मुलांना पुरून थोडा तिळगूळ पुढे पण उरावा म्हणून मी अर्धी अर्धी वडी केली.

पुढे चढ सुरू होतो. पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत, उंची एकसारखी नाही, काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झाल्यात, तेव्हा चप्पल घालून येऊ नका, चांगल्या ग्रिपचे बूट हवेत. ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, तर हे एका बाजूच्या दगडाला धरून दम घेत होते, तेवढ्यात वरून एक विशीतला मुलगा उतरत आला. हातात बांबूची काठी. थांबला, ह्यांच्याकडे बघितलं आणि काठी पुढे केली. "काका, ही घ्या. मला पण खाली एका आजोबांनी दिली होती, उतरताना कुणाला तरी द्या म्हणाले." नाव नाही, गाव नाही, निघून पण गेला. काठीच्या वरच्या टोकाला कुणीतरी सुतळी घट्ट गुंडाळलेली होती, हात सरकू नये म्हणून, आणि खालच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. म्हणजे ज्याने ती पहिल्यांदा केली त्याने दुसऱ्याचा विचार करूनच केली होती. त्या काठीच्या जोरावर हे वरपर्यंत आले, नाहीतर आम्ही अकरा नंबरवरूनच परतलो असतो.

अकरा नंबर म्हणजे दरबार लेणं. लांबच लांब दोन दगडी बाकं आहेत बुटकी, पंगतीला बसावं तशी, आणि आत चांगला गारवा असतो. डोकं जड झालं तर इथे बसून घ्या. एक्केचाळीस नंबरला अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर, म्हणजे बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व आहे, असा भारतात दुसरीकडे कोरलेला सापडत नाही म्हणतात. नव्वद नंबर जरा लांब आहे पण पाय साथ देत असतील तर जाच. तिथे अवलोकितेश्वर मधे उभा आणि आजूबाजूला संकटात सापडलेली माणसं आहेत, कुणाचं जहाज बुडतंय, कुणामागे हत्ती लागलाय, आणि तो प्रत्येकाला वाचवायला धावलाय. सोपाऱ्याच्या, कल्याणच्या व्यापाऱ्यांना समुद्राचीच भीती जास्त असणार. त्याच लेण्यात पारशी लोकांनी येऊन पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आपली नावं कोरलीत, १००९ आणि १०२१ सालची. दुसऱ्याच्या देवाच्या जागी येऊन, बघून, नाव लिहून गेले, एवढ्या जुन्या काळात. तुम्ही मात्र काही कोरू नका, भिंतीला हात पण लावू नका. खडू आणि चाव्यांनी खरडलेली नावं तिथे बघितली की फार वाईट वाटतं.

वाटेत एका लेण्याच्या सावलीत एक तरुण जोडपं बसलेलं, तान्हं बाळ रडत होतं. आईला पाजायचं होतं पण सगळीकडे माणसं. वर बाळाला पाजायची सोय कुठेच नाही, बाथरूम पण खालीच आहे, तेव्हा लहान मुलं असतील तर हे आधी ठरवून या. तिथेच पाटी घेऊन एक बोरं विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या, पार्कातल्याच पाड्यातल्या, वारली. त्या काही न बोलता उठल्या, आपल्या अंगावरचा टॉवेल एका बाजूने धरला, मला खुणेनं बोलावलं, दुसरं टोक मी धरलं. दहा मिनिटं आम्ही दोघी तशाच उभ्या. हे आणि बाळाचा बाबा पाठ करून पाटी सांभाळत बसले, कारण माकडं बोरांवर टपलेली. एक माकड आलंच, तर ह्यांनी काठी नुसती जमिनीवर आपटली. मारायचं नाही आणि खायला पण घालायचं नाही, आवाज केला की जातात.

नंतर मावशींशी बोलत बसले थोडा वेळ. सकाळी पाड्यावरून चालत येतात, संध्याकाळी अंधार व्हायच्या आत परत. बिबट्या आहे जंगलात, त्यांना ते नवीन नाही, "त्याची वाट तो जातो, आपली आपण" म्हणाल्या. मी बोरं घेतली, तिळगूळ दिला, तर त्यांनी तिखटमीठ लावलेली काकडी वर ठेवली आणि तिचे पैसे घेईनात. त्या काही दिवसभरात फार कमवत नसणार. मी मग ते पैसे बाळाच्या आईसाठी काकडी कापा म्हणून दिले, ते घेतले त्यांनी. तुम्ही गेलात तर या बायकांशी घासाघीस करू नका, पाच-दहा रुपयांसाठी तर नाहीच. आणि बोरांच्या बिया, द्रोण, कागद इकडेतिकडे न टाकता पिशवीत खाली आणा. पाणी माणशी दीड लिटर तरी हवं, वर विकत मिळेल असं धरून चालू नका. इलेक्ट्रालचं एखादं पाकीट ठेवा, वजन काही नाही त्याला.

उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो, म्हणून वरून निघायला उशीर करू नका. आम्ही तीनच्या आधीच उतरायला लागलो. पायथ्याशी एक बाई भेटल्या, साठीच्या, नऊवारीत, सून पुढे गेलेली आणि या पहिल्या टप्प्यालाच थांबून वर बघत होत्या. ह्यांनी काठी दिली. त्या आधी घेईनात, "तुम्हाला लागंल की" म्हणाल्या. हे म्हणाले, "मला आता खालीच जायचंय, तुम्ही वरून आलात की पुढच्याला द्या." मी उरलेल्या दोन वड्या त्यांच्या हातावर ठेवल्या, एक त्यांना आणि एक सुनेला.

परतीच्या बसला चारनंतर मोठी रांग लागते, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर साडेतीनलाच रांगेत या. आणि बस चुकली, संध्याकाळ झाली, तर एकटेदुकटे त्या रस्त्याने चालत निघू नका, पार्कच्या गार्डला सांगा, ते सोय बघतात. सफारीची वेगळी रांग आणि वेगळं तिकीट असतं, लेणी आणि सफारी एकाच दिवशी केलीत तर दोन्ही धावत होतील. बोरिवलीला परतताना स्टेशनच्या पुलाखाली गरम वडापाव मिळतो, पण दादरकडे यायला गाडी निवांत हवी असेल तर पाचच्या आत प्लॅटफॉर्मवर पोचा आणि बोरिवलीहून सुटणारीच गाडी बघा, विरारहून आलेल्या गाडीत बसायला मिळत नाही.